सुईतून आलेले स्नायू

निरोगी प्रौढ पुरुषाच्या शरीरात दिवसाला साधारण 5 ते 7 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार होते. साखरेच्या मोजक्या दाण्यांच्या वजनाएवढा हा ऐवज. आवाज फुटणे, दाढीमिशा येणे, हाडे भरणे, रक्तातील तांबड्या पेशी वाढणे, शुक्राणू तयार होणे, मनाची उभारी टिकणे ही सारी कामे त्यावर चालतात. आठवड्याचा हिशेब केला तर तो 50 मिलिग्रॅमच्या आत राहतो. व्यायामशाळांमध्ये ज्याला ‘सायकल’ किंवा ‘कोर्स’ म्हणतात, त्यात आठवड्याला 500 ते 1000 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचून घेणे सर्रास चालते. बरेच जण त्याच्या जोडीला आणखी एक-दोन संप्रेरके घेतात. शरीराला लागते त्याच्या दहा-वीस पट हॉर्मोन आठ-दहा आठवडे, पुढे वर्षानुवर्षे, रक्तात फिरत राहते. त्यातून दंड फुगतात, छाती रुंदावते. त्याच काळात शरीराच्या आत जे घडते ते आरशात दिसत नाही.

मुंबईच्या पूर्व उपनगरांच्या टोकाला, हार्बर मार्गाने खाडी ओलांडण्याआधीचे शेवटचे स्थानक म्हणजे मानखुर्द. महापालिकेच्या एम पूर्व विभागात मानखुर्दसह गोवंडी, देवनार, शिवाजीनगर आणि चीता कॅम्प येतात. 2009च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरात सर्वांत खाली होता. प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांच्या लल्लूभाई कंपाउंडमधील इमारती, मंडाल्यातील भंगाराची गोदामे, महाराष्ट्र नगरच्या चाळी अशा वस्तीत वाढणाऱ्या तरुणासाठी कमावलेले शरीर केवळ हौसेचा विषय नसतो. सुरक्षारक्षक, बाउन्सर, जिममधला ट्रेनर, पोलीस भरती, सैन्य भरती या सगळ्या वाटा छातीच्या मापावरून आणि अंगातल्या जोरावरून जातात. शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलाच्या हाती स्वतःच्या मेहनतीने घडवता येईल असे एकच भांडवल उरते, ते म्हणजे अंग. म्हणून स्टेरॉइडच्या प्रश्नाकडे दिखाऊपणाचे खूळ म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. ज्या वस्तीत आजारपण परवडत नाही, तिथल्या तरुणाला शरीर लवकर मोठे करण्याची घाई सर्वांत जास्त असते, आणि त्या घाईची किंमतही त्यालाच सर्वांत जड जाते.

महाराष्ट्राला शरीरसाधना नवी नाही. तालमीतले जोर-बैठका, मल्लखांब, औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघरी पोहोचवलेले सूर्यनमस्कार, 1914 मध्ये अमरावतीत सुरू झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही इथली परंपरा. तिच्यात खुराकाला मोठे स्थान होते: दूध, तूप, बदाम, थंडाई. पैलवान घडायला पाच-सात वर्षे लागतात हे वस्ताद आणि शागीर्द दोघेही गृहीत धरत. ही मुदत आठवड्यांवर आणण्याचे आश्वासन विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राने दिले.

टेस्टोस्टेरॉन 1935 मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी अडॉल्फ बुटेनांट आणि लिओपोल्ड रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवले. संप्रेरकांवरील कामासाठी दोघांना 1939चे रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. 1954 मध्ये व्हिएन्नात जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. सोव्हिएत खेळाडू हे संप्रेरक वापरतात, असे तिथे अमेरिकी संघाचे डॉक्टर जॉन झीग्लर यांच्या कानावर आले. सिबा कंपनीने 1958 मध्ये मेथँडिएनोन ही गोळी ‘डायनाबॉल’ नावाने अमेरिकेच्या बाजारात आणली. जिममधली मुले आजही जिला ‘डायना’ म्हणतात ती हीच. पूर्व जर्मनीने तर हा सरकारी कार्यक्रमच केला. किशोरवयीन मुलींना जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणून ओरल-टुरिनाबॉल हे स्टेरॉइड देण्यात आले आणि त्यातल्या अनेकींनी त्याचे परिणाम आयुष्यभर सोसले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या औषधांवर बंदी घातली आणि 1976च्या माँट्रियल स्पर्धेपासून त्यांची तपासणी सुरू झाली. 1988 मध्ये सोलला शंभर मीटर जिंकलेल्या बेन जॉन्सनच्या लघवीत स्टॅनोझोलॉल सापडले, तेव्हा हा शब्द सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचला.

मुळात ही औषधे आहेत आणि योग्य जागी ती उपयोगी पडतात. वृषणे काम करत नसलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देतात. काही प्रकारच्या रक्तक्षयात नँड्रोलोन वापरले गेले आहे. मोठ्या प्रमाणात भाजल्यानंतर झिजलेल्या रुग्णाला ऑक्सँड्रोलोनचा फायदा झाल्याची नोंद आहे. या साऱ्या उपचारांत डॉक्टर कमी पडलेले हॉर्मोन भरून काढतात, रक्त तपासत राहतात आणि मात्रा बेताची ठेवतात. जिममधल्या वापरात ज्याला काहीच कमी नाही त्याच्या शरीरात भर घातली जाते आणि मात्रा ठरते शेजारी व्यायाम करणाऱ्याच्या सांगण्यावरून.

स्टेरॉइडने स्नायू वाढतात का, या प्रश्नाचे उत्तर स्वच्छपणे ‘हो’ असे द्यायला हवे. डॉक्टरांनी दीर्घकाळ ‘याने काही होत नाही, फक्त पाणी साठते’ असे सांगितले आणि त्यामुळे मुलांचा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला. समोरच्याचे दंड वाढलेले त्यांना दिसत होते. भारतीय वंशाचे संप्रेरकतज्ज्ञ शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये हा वाद मिटवला. त्यांनी 43 निरोगी पुरुषांचे गट पाडले. काहींना दहा आठवडे दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिले, काहींना औषध नसलेले इंजेक्शन. व्यायाम आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही मिळालेल्यांचे चरबीविरहित वजन सुमारे 6 किलोने वाढले. केवळ व्यायाम करणाऱ्यांचे सुमारे 2 किलोने. आणि व्यायाम अजिबात न करता नुसते इंजेक्शन घेणाऱ्यांचेही 3 किलोंहून थोडे अधिक वाढले. सुई घेऊन बसून राहिलेला मनुष्य घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. या औषधांची भुरळ इथे आहे. धोका सांगायचा तर हे सत्य आधी मान्य करून सांगावा लागतो.

आता शरीराच्या आतली गोष्ट. टेस्टोस्टेरॉन किती बनवायचे हे वृषणे स्वतः ठरवत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक भाग इशारा देतो, त्याखालची पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते, आणि त्यांच्या हुकमावर वृषणे टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू तयार करतात. रक्तातली पातळी पुरेशी झाली की मेंदू इशारा थांबवतो. बाहेरून दहा-वीस पट हॉर्मोन आले की मेंदूला रक्त तुडुंब दिसते आणि तो इशारा पूर्ण बंद करतो. एलएच आणि एफएसएच जवळजवळ शून्यावर येतात. काम उरले नाही म्हणून वृषणे आकसतात. वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्ताच्या कित्येक पट असावे लागते, तेव्हाच शुक्राणू पिकतात. हे आतले प्रमाण फक्त वृषणांच्या स्वतःच्या उत्पादनाने राखले जाते. त्यामुळे रक्तात हॉर्मोनचा पूर असताना वृषणांच्या आत दुष्काळ पडतो. पुरुषत्वाची खूण म्हणून जे घेतले, तेच माणसाला वांझ करते.

याचा पुरावा वेगळ्याच दिशेने मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेला पुरुषांसाठी गर्भनिरोधक हवे होते. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुदेशीय चाचणीत 271 निरोगी पुरुषांना आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिले गेले. त्यांपैकी 157 जणांच्या वीर्यात शुक्राणू उरलेच नाहीत. ज्यांचे पूर्ण संपले नाहीत त्यांतल्या बहुतेकांचेही फार कमी झाले. इंजेक्शने थांबवल्यावर संख्या पूर्ववत व्हायला महिने लागले. गर्भनिरोधनासाठी पुरेशी ठरलेली ती मात्रा जिममधल्या ‘पहिल्या सायकल’च्या मात्रेच्या निम्म्याहूनही कमी होती, आणि तिथे रक्त-वीर्य तपासायला डॉक्टर होते. वर्षानुवर्षे मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत उत्पादन परत सुरू व्हायला वर्ष, कधी त्याहून अधिक लागते. काहींमध्ये ते कधीच पहिल्यासारखे होत नाही. लग्नानंतर दोन-तीन वर्षे मूल होत नाही, सगळा दोष सुनेवर जातो, तिच्या तपासण्या होतात, नवससायास होतात, आणि नवऱ्याने विसाव्या वर्षी घेतलेल्या इंजेक्शनांचा प्रश्न कोणी विचारतच नाही. वंध्यत्वाच्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात पुरुषाला हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारला गेला पाहिजे.

सायकल संपल्यावरचा काळ सर्वांत कठीण. बाहेरचे हॉर्मोन ओसरते, आतले सुरू झालेले नसते. ताकद जाते, कामेच्छा मरते, झोप उडते, मन काळवंडते. काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येतात. अशा वेळी तरुणाला एकच उपाय माहीत असतो: पुन्हा सुई. सतत वापरणाऱ्यांपैकी सुमारे तीस टक्के लोकांना या औषधांचे व्यसन जडते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जिममध्ये यावर ‘पीसीटी’ नावाचा तोडगा सांगितला जातो. त्यात क्लोमिफीन, टॅमॉक्सिफेन आणि एचसीजी ही औषधे घेतात. ती डॉक्टरही वापरतात, पण रक्तातली पातळी बघून. स्वतःच्या मनाने घेतलेल्या या गोळ्या म्हणजे एका अंधारातल्या प्रयोगावर दुसरा प्रयोग.

हृदयावरचा परिणाम याहून गंभीर, कारण तो निमूटपणे होतो. टेस्टोस्टेरॉनसारखी औषधे चांगले मानले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल कमी करतात आणि वाईट एलडीएल वाढवतात. स्टॅनोझोलॉलसारख्या गोळ्या यात सर्वांत पुढे. 1989 मधल्या एका अभ्यासात दिवसाला फक्त 6 मिलिग्रॅम स्टॅनोझोलॉलने एचडीएल एक तृतीयांशाने खाली आले होते. त्यात रक्तदाब चढतो, आणि तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते, गुठळीची शक्यता वाढते. हृदय हाही स्नायूच. तो जाड होतो, पण जाड झालेले हृदय ताकदवान नसते. अमेरिकेत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वर्षानुवर्षे वजने उचलणाऱ्या 140 पुरुषांची तुलना झाली. त्यांत 86 जण स्टेरॉइड घेणारे होते, 54 न घेणारे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, हे संशोधकांनी मोजले. न घेणाऱ्यांत ते 63 टक्के होते, घेणाऱ्यांत सरासरी 52. ज्यांचे औषध त्या वेळी चालू होते त्यांच्यात 49. म्हणजे बाहेरून सर्वांत बलदंड दिसणाऱ्यांचे हृदय सर्वांत दुबळे. हृदयाच्या धमन्यांतली चरबीही या गटात जास्त आढळली, आणि जितकी वर्षे जास्त तितका थर जाड.

मृत्यूचे आकडे डेन्मार्कमधून मिळाले. तिथे जिममध्ये व्यायाम करणाऱ्यांचीही तपासणी करता येते आणि नोंदी टिकून राहतात. 2006 नंतर तपासणीत स्टेरॉइड आढळलेल्या 545 पुरुषांची त्याच वयाच्या 5450 पुरुषांशी तुलना केली, तेव्हा पहिल्या गटात मृत्यूचे प्रमाण तिप्पट निघाले. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 2024 मध्ये अधिक मोठ्या गटावर केलेल्या पाहणीतही प्रमाण तिपटीच्या जवळच आले. यातली माणसे म्हातारी नव्हती. ऐन तारुण्यात जिमला जाणारे पुरुष होते.

यकृताचा धोका मुख्यतः गोळ्यांचा. तोंडाने घेतलेले टेस्टोस्टेरॉन यकृत लगेच मोडून टाकते. ते टिकावे म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत एक बदल केला. मेथँडिएनोन, स्टॅनोझोलॉल, ऑक्सिमेथोलोन ही त्यातून निघालेली नावे. यकृताला मोडता येत नाही अशी गोळी यकृतालाच इजा करते. पित्ताचा मार्ग तुंबून कावीळ होते, अंगाला असह्य खाज सुटते. यकृतात रक्ताच्या पोकळ्या तयार होतात, गाठी होतात, क्वचित त्या कर्करोगाच्या निघतात. वस्तीत अशा काविळीवर झाडपाला आणि उतारा आधी होतो आणि डॉक्टरसमोर ‘मी काहीच घेत नाही’ असे सांगितले जाते. मूत्रपिंडाचेही तसेच: न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये लघवीतून प्रथिने जाणाऱ्या दहा बॉडीबिल्डरांची नोंद केली. दहापैकी नऊ जणांत मूत्रपिंडाच्या गाळणीवर व्रण धरलेले दिसले. औषध थांबवल्यावर काहींची स्थिती सुधारली. एकाने पुन्हा सुरू केले आणि आजार परतला.

बाहेर दिसणाऱ्या खुणा त्यामानाने कमी महत्त्वाच्या, पण मुलांना त्याच आधी छळतात. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलते. त्यामुळे पुरुषाच्या छातीत गाठ धरते, स्तन वाढतात. एकदा वाढलेली ग्रंथी बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. पाठीवर, खांद्यावर मोठमोठ्या पुटकुळ्या येतात, ज्यांच्या घरात टक्कल आहे त्यांचे केस लवकर जातात. स्नायू वाढतात त्या वेगाने कंडरा मजबूत होत नाहीत. म्हणून भार उचलताना त्या तुटतात.

स्त्रियांमध्ये हाच डोस आणखी निर्दय. आवाज घोगरा होतो आणि तो परत येत नाही. पाळी थांबते, चेहऱ्यावर केस येतात. किशोरवयीन मुलांचे नुकसान हाडांत होते. पंधरा-सोळाव्या वर्षी लांब हाडांच्या टोकांशी वाढीची पट्टी उघडी असते. संप्रेरकांच्या पुराने ती अकाली मिटते आणि उंची तिथेच थांबते. उंचीची अट असलेल्या भरतीसाठी छाती वाढवणारा मुलगा उंची गमावून बसतो.

मनाचे पैलू अलीकडे नीट अभ्यासले गेले आहेत. मोठ्या मात्रेत काहींना चिडचिड, अकारण राग, झोपेवाचून चालणारा अनैसर्गिक उत्साह येतो; सर्वांना येतोच असे नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात एक विकार वर्णिला, ज्यात धष्टपुष्ट माणसाला आपण काटकुळे आहोत असेच वाटत राहते. तो आरशासमोर तासन्‌तास घालवतो, अंगभर कपडे घालून शरीर लपवतो, नोकरी आणि नाती सोडून जिम धरतो. अशा मुलाला मानसोपचाराची गरज असते. घरातल्यांच्या टोमण्यांनी हा विकार बळावतो.

मानखुर्द-गोवंडीच्या संदर्भात एक औषध वेगळे काढून सांगायला हवे, कारण ते स्वस्त आहे आणि स्टेरॉइड या एकाच नावाखाली त्याची गल्लत होते. हाडकुळ्या मुलामुलींना ‘वजन वाढवायला’ म्हणून देशभर ज्या गोळ्या खपतात, त्यांत बरेचदा दोन औषधे असतात: भूक वाढवणारे सायप्रोहेप्टाडिन आणि डेक्सामेथासोन. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड खरेच, पण जात निराळी. दमा, सांध्यांचे आजार, मेंदूची सूज, कोविडचा गंभीर आजार यांत ते जीव वाचवते. मात्र स्नायूंना ते वाढवत नाही, उलट झिजवते. वजन वाढते ते चेहऱ्यावर, पोटावर आणि मानेमागे साठणाऱ्या चरबीमुळे आणि पाण्यामुळे. गाल भरलेले बघून घरचे खूश होतात, त्याच वेळी हातापायांचे स्नायू बारीक होत असतात. पोटावर जांभळट रेषा उमटतात, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो.

त्याहून मोठा धोका प्रतिकारशक्तीचा. डेक्सामेथासोन रोगाशी लढणाऱ्या पेशींना दाबून ठेवते. दाट वस्ती, हवा खेळत नाही अशी घरे आणि अपुरे अन्न यामुळे एम पूर्व विभागात क्षयरोगाचा भार मोठा आहे. औषधांना न जुमानणारा क्षयही इथे आढळतो. अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात. वजनाच्या गोळ्या त्यांना जागे करू शकतात. म्हणजे क्षयाने खंगल्यासारखा दिसतो म्हणून मुलाला गोळी दिली जाते आणि ती गोळीच क्षयाला वाट करून देते. या गोळ्या अचानक थांबवणेही धोक्याचे. महिनोनमहिने बाहेरून मिळालेल्या औषधामुळे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. गोळी एकदम बंद केली आणि ताप किंवा जुलाब झाला, तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. टेस्टोस्टेरॉनने वृषणे जशी बंद पडतात, तशाच डेक्सामेथासोनने अधिवृक्क ग्रंथी. बाहेरून आलेले हॉर्मोन शरीराचे आतले काम थांबवते, हे सूत्र दोन्हीकडे एकच.

सायकलमध्ये आणखी बरेच काही मिसळले जाते. स्नायूंत साखर ढकलायला निरोगी माणूस इन्सुलिन टोचतो, आणि मात्रा थोडी चुकली की रक्तातली साखर कोसळून बेशुद्ध होतो. ‘ट्रेन’ म्हणून ओळखले जाणारे ट्रेनबोलोन परदेशात मांसासाठीच्या जनावरांना देतात. माणसांवरच्या उपचारासाठी त्याला आज मान्यता नाही. व्यायामाआधी जोर यावा म्हणून मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन घेणे हे महाराष्ट्रात अलीकडे पसरलेले लोण. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणायला शस्त्रक्रियागृहात वापरायचे हे औषध. व्यायामाने आधीच चढलेल्या रक्तदाबावर ते घेतले तर हृदयाची लय बिघडते. पुण्यासह राज्यात अनेक ठिकाणी पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन यांनी त्याचे साठे जप्त केले आहेत. 2018 मध्ये ठाण्यातील एका तरुणीचा चरबी जाळणाऱ्या डायनायट्रोफिनॉलच्या गोळीने मृत्यू झाला. पहिल्या महायुद्धात स्फोटके बनवताना वापरलेले हे रसायन. अमेरिकेने 1938 मध्येच ते माणसाने घेण्यास अयोग्य ठरवले होते. त्याने शरीराचे तापमान चढत जाते आणि त्यावर उतारा नाही.

कुपीत जे लिहिले आहे तेच आत असते, याचीही खात्री नसते. चोरट्या बाजारातल्या कुपीत कमी औषध, वेगळे औषध किंवा नुसते तेल असू शकते. ते निर्जंतुक नसले तर मांडीत, कुल्ल्यात गळू होते. एकच सुई किंवा एकच कुपी दोघा-तिघांनी वापरली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरतात. अमली पदार्थ टोचणाऱ्यांना हा धोका माहीत असतो, त्यांच्यासाठी सरकारी कार्यक्रमही आहेत. जिममधल्या मुलाला आपण त्या रांगेत बसतो असे वाटतच नाही.

डब्यातल्या पावडरीबाबतही सावधगिरी हवी. दुधाच्या निवळीतून काढलेली प्रोटीन पावडर हे हॉर्मोन नव्हे, अन्न आहे. पण तिच्या शेजारी विकली जाणारी ‘मसल बूस्टर’ उत्पादने निराळी. 2004 मध्ये जर्मन संशोधकांनी 13 देशांतून घेतलेली 634 पूरके तपासली. त्यांतल्या 94 मध्ये लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइडवर्गीय संप्रेरके निघाली. भारतात 2011 मध्ये चार बाय चारशे मीटर रिले संघातल्या अव्वल महिला धावपटू दोषी आढळल्या, तेव्हा जिनसेंगच्या पूरकाकडे बोट दाखवले गेले. शिक्षा टळली नाही.

मुंबईच्या उपनगरांशी जोडलेले सर्वांत गाजलेले प्रकरण नरसिंग यादव यांचे. जोगेश्वरीत वाढलेले, भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) कांदिवली केंद्रात घडलेले हे मल्ल तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले. 2015च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून त्यांनी 74 किलो गटात रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. 25 जून 2016 रोजी घेतलेल्या त्यांच्या नमुन्यात मेथँडिएनोन सापडले. सोनीपतच्या शिबिरात आपल्या खाण्यापिण्यात कोणी तरी ते मिसळले, असे त्यांनी सांगितले. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था नाडाच्या समितीने 1 ऑगस्टला त्यांना निर्दोष ठरवले. जागतिक संस्था वाडा क्रीडा लवादाकडे गेली, आणि 18 ऑगस्टला, लढतीच्या आदल्या दिवशी, लवादाने पुरावा पुरेसा नसल्याचे सांगत चार वर्षांची बंदी घातली. यादव यांनी आपण निर्दोष असल्याचे कायम सांगितले. ज्या गोळीने राज्यातल्या अव्वल मल्लाचे ऑलिंपिक गेले, त्या ‘डायना’बद्दल जिममध्ये हलक्या औषधासारखे बोलले जाते.

वाडाच्या 2023च्या आकडेवारीत भारताचे 5606 नमुने तपासले गेले आणि 213 दोषी निघाले, म्हणजे 3.8 टक्के. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते. मात्र नाडा आणि 2022चा उत्तेजकविरोधी कायदा खेळाडूंसाठी आहेत. गल्लीतल्या जिमपर्यंत ते पोहोचत नाहीत. तिथे लागू होतो तो 1940चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा. ही संप्रेरके शेड्युल एचमध्ये आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. परवाना नसताना जिममधून औषध विकणाऱ्याला किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद या कायद्यात आहे. कारवाईचा रोख त्याच्यावर हवा. घेणाऱ्या मुलाला गुन्हेगारासारखे वागवले तर तो दवाखान्यापासून आणखी लांब जाईल.

दवाखान्यात काय तपासावे, हे ठरलेले आहे. रक्तदाब, रक्तपेशींची मोजणी, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉनसोबत एलएच आणि एफएसएच, साखर, लघवीतली प्रथिने, हिपॅटायटिस आणि एचआयव्ही, आणि दीर्घकाळ घेणाऱ्यांसाठी हृदयाचा टूडी इको. मोठे स्नायू असलेल्या माणसाचे क्रिएटिनिन तसेही जास्त दिसते. जोराच्या व्यायामानंतर एएसटी, एएलटी ही एन्झाइमेही चढतात. म्हणून आकडे वाचणाऱ्याला रुग्ण व्यायाम करतो हे सांगणे गरजेचे. गोवंडीचे शताब्दी रुग्णालय, घाटकोपरचे राजावाडी आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय मानखुर्दहून जवळ आहेत. संप्रेरकांचा स्वतंत्र विभाग परळच्या केईएममध्ये आहे. पूर्णपणे बंद पडलेले उत्पादनही योग्य उपचाराने अनेकांत पुन्हा सुरू होते, हृदयाची क्षमताही औषध थांबवल्यावर काही अंशी परत येते. म्हणून उशीर झाला असे समजून मागे राहण्याचे कारण नाही.

जे आज घेत आहेत त्यांनी स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नये, विशेषतः वजनाच्या गोळ्या. दवाखान्यात जाताना कुपी, रिकामे पाकीट किंवा डब्याचा फोटो सोबत न्यावा आणि किती आठवडे, किती मात्रा घेतली ते लपवू नये. छातीत दुखणे, श्वास लागणे, बेशुद्धी, डोळे पिवळे होणे, एकाच पायाला सूज येणे किंवा जगणे नकोसे वाटणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. तिथल्या डॉक्टरला औषधाचे नाव कळले, तरच पुढचा उपचार ठरतो.